न दिलेली शिक्षा: तुरुंगांतील क्षयरोग

न्यायासनापुढें उभ्या राहिलेल्या अपराध्यास जी शिक्षा होते, ती मोजून-मापून दिलेली असते. दंड असेल तर त्याचे रुपये ठरलेले असतात. कारावास असेल तर त्याचे महिने आणि वर्षें निकालपत्रांत स्पष्ट लिहिलेलीं असतात. आणि ठरलेल्या मुदतीहून एक दिवसहि अधिक कोंडून ठेवण्याचा अधिकार तुरुंगाच्या अधिकाऱ्यास नसतो. परंतु जगांतील पुष्कळशा तुरुंगांत एक शिक्षा अशी आहे कीं, ती कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत नाहीं, कोणत्याहि न्यायाधीशानें ती सुनावलेली नाहीं, आणि तरीसुद्धां हजारों माणसांना ती भोगावी लागते. ती शिक्षा म्हणजे क्षयरोग होय. आरोप घेऊन आंत गेलेला मनुष्य कालांतरानें निर्दोष ठरून बाहेर येतो, पण येतांना फुप्फुसांत क्षयाचे जंतु घेऊन येतो, असें आजच्या काळींहि घडतें. आणि एका खटल्यांत तर तें एका राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायपीठापुढें सिद्धहि झालेलें आहे. त्या खटल्याची हकीकत पुढें येईलच.

या रोगाची तुरुंगांतील व्याप्ति केवढी, हें प्रथम पाहणें इष्ट आहे. जगांत कोणत्याहि दिवशीं सुमारें १ कोटी १० लक्ष माणसें तुरुंगांत असतात. २०१९ सालाविषयीं झालेल्या एका जागतिक गणनेप्रमाणें त्या एका वर्षांत तुरुंगांतील सुमारें १ लक्ष २५ हजार माणसांना नव्यानें क्षय जडला. लाखीं हें प्रमाण सुमारें १,१४८ पडतें. बाहेरच्या जगांत तेंच प्रमाण लाखीं सव्वाशें ते एकशें तीसच्या आसपास होतें. म्हणजे भिंतीच्या आंत रोग सुमारें नऊ पट अधिक. आणि याहून खेदाची गोष्ट ही कीं, आंतील रोग्यांपैकीं निम्म्यांच्याच आजाराचा पत्ता लागला. उरलेले रोगी खोकत राहिले, आणि त्यांच्या शेजारीं निजणारे त्यांचीच हवा घेत राहिले.

तुरुंग आणि रोग यांचें नातें आजकालचें नव्हे. इ. स. १७५० त लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत न्यूगेट तुरुंगांतील कैदी चौकशीसाठीं आणण्यांत आले, तेव्हां त्यांच्याबरोबर 'तुरुंगी ताप'हि आला. त्या तापानें लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि न्यायालयांत बसलेलीं इतर कित्येक माणसें मृत्युमुखीं पडलीं. आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा असलेला मनुष्य आणि उच्चासनावर बसलेला मनुष्य यांच्यांत रोगानें कांहींच भेद मानला नाहीं. त्या वेळच्या विद्वानांनीं असा निष्कर्ष काढला कीं, कोंदट हवेनेंच हा ताप होतो. म्हणून स्टीफन हेल्स नांवाच्या शास्त्रज्ञाच्या योजनेप्रमाणें १७५२ त न्यूगेटवर पवनचक्की बसवून आंत हवा खेळविण्याची व्यवस्था झाली. पुढें १९०९ त शार्ल निकोल यांनीं ट्युनिस येथें दाखवून दिलें कीं, तो ताप, म्हणजे टायफस, हवेनें नव्हे तर उवांनीं पसरतो. न्यूगेटवरील पवनचक्की टायफसवर उपयोगाची नव्हती. परंतु ज्या रोगावर ती खरोखर उपयोगी पडली असती, तो क्षय मात्र त्याच तुरुंगांतून कोणाचें लक्ष न वेधतां आपलें काम करीत होता. पुढील शतकांत, १८४५ त, विल्यम बॅली या डॉक्टरानें लंडनच्या मिलबँक तुरुंगांतील मृत्यूंची छाननी केली, तेव्हां बंदिवानांच्या मृत्यूचें मुख्य कारण क्षय हेंच आहे असें त्यास आढळलें.

क्षय हा जंतुजन्य रोग आहे, हें रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें. मराठी वाचकास या सालाचें आणखीहि एक स्मरण असेल. त्याच १८८२ सालीं टिळक व आगरकर हे मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत होते, आणि आगरकरांनीं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस' हें पुस्तक लिहून सुशिक्षित मराठी कुटुंबांस तुरुंगाच्या अंतर्भागाचा परिचय करून दिला. रोगाचें कारण कळलें तें वर्ष आणि शिकलेल्या मराठी माणसाची दृष्टि तुरुंगाच्या भिंतीपलीकडे गेली तें वर्ष एकच असावें, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आतां हा जंतु एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, तें समजून घेतलें पाहिजे. कारण ही एक गोष्ट नीट कळली म्हणजे पुढचें सर्व आपोआप कळतें. ज्याच्या फुप्फुसांत रोग जागा आहे असा मनुष्य खोकतो, शिंकतो, मोठ्यानें बोलतो किंवा गातो, तेव्हां त्याच्या तोंडावाटे असंख्य सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांतील मोठे थेंब जमिनीवर पडतात. त्यांच्यापासून फारसा अपाय नाहीं. परंतु अत्यंत बारीक थेंबांतील पाणी क्षणांत उडून जातें, आणि उरलेला कण इतका हलका असतो कीं, तो खालीं न बसतां कित्येक तास हवेंत तरंगत राहतो. हा कण दुसऱ्याच्या श्वासाबरोबर फुप्फुसाच्या थेट तळापर्यंत पोंचतो. एकाच पेल्यानें पाणी पिण्यानें, एकाच ताटांत जेवण्यानें किंवा हातांत हात घेण्यानें क्षय होत नाहीं. तो एकाच हवेंत दीर्घकाळ श्वास घेण्यानें होतो.

ही गोष्ट तर्कानें सांगितलेली नसून प्रयोगानें सिद्ध झालेली आहे. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें विल्यम वेल्स व रिचर्ड रायली यांनीं क्षयरोग्यांच्या दालनांतील हवा नळीवाटे वरच्या मजल्यावरील पिंजऱ्यांत नेली. पिंजऱ्यांत गिनिपिग नांवाचे लहान प्राणी ठेवलेले होते. त्या प्राण्यांचा रोग्यांशीं कोणताहि संबंध आला नव्हता. त्यांना मिळत होती ती केवळ रोग्यांची हवा. तरीहि त्यांच्यांतील एकामागून एक प्राणी रोगानें ग्रासले गेले. दुसऱ्या पिंजऱ्याकडे जाणाऱ्या नळींत जंबुपार किरणांचे दिवे लावले होते. त्या पिंजऱ्यांतील प्राणी मात्र सुरक्षित राहिले. हवाच अपराधी आहे, आणि हवेवर उपाय करतां येतो, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगानें सिद्ध झाल्या.

ही कसोटी तुरुंगाच्या बराकीस लावून पाहावी. शाळेंतील वर्ग पांच-सहा तासांनीं सुटतो, नाटकगृह तीन तासांनीं रिकामें होतें, आगगाडीचा डबा मुक्कामाला पोंचतांच मोकळा होतो. परंतु बराक सुटत नाहीं. संध्याकाळीं कुलूप लागलें म्हणजे तें सकाळीं उघडतें. एखाद्या खोलीची हवा ताशीं दोन वेळां बदलत असेल, तर तींत पसरलेले कण शेंकडा ९९ नाहींसे होण्यास १३८ मिनिटें लागतात, आणि तींहि रोगी तेथून निघून गेला असेल तर. तीच हवा ताशीं बारा वेळां बदलत असेल तर २३ मिनिटें पुरतात. बराकींत रोगी निघून जात नाहीं. तो रात्रभर खोकतो, आणि हवेंत प्रत्येक तासास नवी भर पडते. त्यांतच पन्नास माणसांच्या जागेंत शंभर निजलीं, तर एका रोग्याच्या श्वासाचे वाटेकरी दुप्पट होतात. आणि थंडीसाठीं खिडकीवर कांबळें टांगलें, तर हिशेब आणखीच बिघडतो.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. जंतु शरीरांत शिरणें आणि रोग होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जगांतील सुमारें चतुर्थांश माणसांच्या शरीरांत क्षयाचा जंतु केव्हां ना केव्हां शिरलेला आहे. परंतु त्यांपैकीं शेंकडा पांच ते दहा जणांसच पुढें आयुष्यांत रोग होतो. इतरांचें शरीर त्यास दाबून ठेवतें. ही दाबून ठेवण्याची शक्ति ज्या कारणांनीं ढासळते तीं म्हणजे निकृष्ट अन्न, मद्य, तंबाखू, मधुमेह आणि विशेषतः एच्. आय्. व्ही.ची बाधा. आतां तुरुंगांत जाणारीं माणसें बहुतेक कोणत्या थरांतून येतात हें पाहिलें, तर असें दिसेल कीं, ज्या घरांत अन्न अपुरें, खोली एकच आणि डॉक्टर दूर, त्याच घरांतून तीं येतात. म्हणजे ज्यांच्या शरीराचें कुंपण आधींच मोडलेलें, त्यांना एकत्र करून, त्यांच्यांत खोकणारा एक मनुष्य ठेवून, वरून कुलूप लावावें, अशी ही व्यवस्था आहे. 'सुक्याबरोबर ओलेंहि जळतें' ही म्हण तुरुंगाइतकी दुसरीकडे क्वचितच खरी ठरत असेल.

दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन शहराजवळ पोल्समूर नांवाचा तुरुंग आहे. नेल्सन मंडेला यांना १९८२ त रॉबेन बेटावरून येथें आणण्यांत आलें. १९८८ च्या ऑगस्टांत ते येथें आजारी पडले. रुग्णालयांत फुप्फुसाभोंवतीं साचलेलें पाणी काढावें लागलें, आणि आजार क्षयाचा आहे असें निष्पन्न झालें. रोग वेळींच ओळखला गेला, उत्तम उपचार झाले, आणि ते पूर्ण बरे झाले. मंडेलांकडे त्या वेळीं साऱ्या जगाचे डोळे लागलेले होते, हें येथें विसरतां कामा नये. ज्याच्याकडे कोणाचेच डोळे नाहींत अशा कैद्याचें काय होतें, तें त्याच तुरुंगांतील दुसऱ्या एका मनुष्याच्या हकीकतीवरून कळतें.

डडली ली हे गृहस्थ १९९९ त बनावट नाणें व फसवणूक यांच्या आरोपावरून पोल्समूरमध्यें न्यायाधीन बंदी म्हणून आले. खटला लांबत गेला. न्यायालयांत त्यांच्या खेपा सुमारें सत्तर झाल्या, आणि प्रत्येक खेपेस गाडींत व न्यायालयाच्या कोठडींत नवीं माणसें, नवी गर्दी. तुरुंगांत दिवसाच्या चोवीस तासांपैकीं तेवीस तासांपर्यंत माणसें दाटीवाटीनें कोंडलेलीं असत. २००३ त ली यांना क्षय झाल्याचें आढळलें, आणि २००४ च्या सप्टेंबरांत ते निर्दोष सुटले. तुरुंगांत गेले तेव्हां त्यांना क्षय नव्हता. त्यांनीं सरकारावर दावा लावला. खालच्या न्यायालयानें तो मान्य केला. वरच्या न्यायालयानें असें म्हटलें कीं, तुरुंगाची हयगय झाली हें खरें. परंतु ती झाली नसती तर रोग झालाच नसता, असें सिद्ध करतां येत नाहीं, कारण कोणाच्या श्वासांतून जंतु आला हें कोण सांगणार? शेवटीं ११ डिसेंबर २०१२ रोजीं तेथील घटना-न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतानें निकाल देऊन सरकारास जबाबदार धरलें. ज्यास राज्य कुलुपांत ठेवतें, त्यास खिडकी उघडण्याचें किंवा जागा बदलण्याचें स्वातंत्र्य उरत नाहीं. म्हणून त्याच्या हवेची जबाबदारी राज्यावरच येते, हें त्या निकालाचें सार आहे. ली हे २०१४ त निवर्तले.

त्याच तुरुंगाविषयीं शास्त्रज्ञांनीं २०११ त एक गणित प्रसिद्ध केलें. बराकींतील माणसें, हवेचें येणें-जाणें, कुलुपाचे तास आणि रोग ओळखण्यास लागणारा विलंब या सर्वांचा हिशेब करून त्यांनीं दाखविलें कीं, तेथील त्या वेळच्या स्थितींत एका वर्षांत जंतुसंसर्ग होण्याचा संभव शेंकडा ९० पर्यंत जातो. पुढें २०१५ त घटना-न्यायालयाचे एक न्यायमूर्ति एडविन कॅमेरून यांनीं स्वतः तुरुंगांत जाऊन पाहणी केली, आणि २०१६ च्या डिसेंबरांत तेथील उच्च न्यायालयानें पोल्समूरच्या न्यायाधीन विभागांतील गर्दी सहा महिन्यांत कमी करण्याचा हुकूम दिला. रोगाच्या निवारणासाठीं औषधाची चिठ्ठी जशी डॉक्टर लिहितो, तशी येथें ती न्यायाधीशास लिहावी लागली.

दुसरें उदाहरण सैबेरियांतील आहे, आणि तें अधिक भयावह आहे. १९९१ त सोव्हिएट संघराज्य मोडलें. त्यानंतरच्या दशकांत रशियाच्या तुरुंगांत सुमारें दहा लक्ष माणसें होतीं, आणि त्यांतील दहांत एकास क्षय होता. चौकशीच्या तुरुंगांत तर माणसांना पाळीपाळीनें निजावें लागे. सरकारची तिजोरी रिकामी. औषधें कधीं येत, कधीं येत नसत. आलीं तरी चारांपैकीं दोनच येत. क्षयाच्या उपचारांत यासारखी घातुक गोष्ट दुसरी नाहीं. अपुरें औषध दुबळ्या जंतूंस मारतें आणि चिवट जंतूंस मोकळें रान देतें. अशा रीतीनें नेहमींच्या दोन प्रमुख औषधांस, म्हणजे आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन यांस, दाद न देणारा क्षय तेथील तुरुंगांत फैलावला. केमेरोव्हो प्रांतांतील मारिइन्स्क येथील वसाहतींत परदेशी डॉक्टरांनीं नेहमींची औषधें काटेकोरपणें द्यावयास आरंभ केला. परंतु कित्येक रोगी त्यांनीं बरे होईनात, कारण त्यांचा जंतु त्या औषधांना केव्हांच सरावला होता.

शेजारच्या टॉम्स्क प्रांतांत मात्र एक वेगळा मार्ग धरला गेला. तेथें २००० पासून अशा चिवट क्षयावर महागडीं, दीर्घ मुदतीचीं औषधें तुरुंगांत व बाहेर एकाच योजनेखालीं देण्यास प्रारंभ झाला. असले रोगी वांचणें कठीण आणि त्यांच्यावर पैसा घालविणें व्यर्थ, असें त्या काळीं पुष्कळ तज्ज्ञांचें मत होतें. प्रत्यक्षांत २००० ते २००४ या काळांतील ६०८ रोग्यांपैकीं ४०० रोगी, म्हणजे शेंकडा ६६, बरे झाले किंवा त्यांनीं उपचार पूर्ण केले. यांतील खरी युक्ति औषधांत जितकी होती, तितकीच ती पाठपुराव्यांत होती. सुटून घरीं गेलेला रोगी औषध सोडून देतो, दारूच्या नादीं लागतो, पत्ता बदलतो. म्हणून अशा रोग्यांस शोधून, त्यांच्या दारीं जाऊन, डोळ्यांदेखत औषध देणाऱ्या परिचारिकांची एक तुकडी तेथें २००६ च्या अखेरीस नेमण्यांत आली, आणि औषधाबरोबर अन्नाचीहि सोय करण्यांत आली.

या हकीकतींत मनुष्यस्वभावाचाहि एक भाग आहे, आणि तो वगळून चालणार नाहीं. सोव्हिएट राज्याच्या निरनिराळ्या भागांतील तुरुंगांत असें आढळलें कीं, क्षयाच्या विभागांत अन्न बरें व काम कमी म्हणून कांहीं निरोगी कैदी रोग्याची थुंकी विकत घेऊन तपासणीस देत. उलट कांहीं रोगी घरापासून दूरच्या तुरुंगांत जावें लागेल या भीतीनें खोकला लपवून ठेवीत. जेथें आजार हा सौदा होतो, तेथें डॉक्टरास आंकड्यांवर विश्वासतां येत नाहीं. म्हणून थुंकी आपल्या समक्ष घेणें आणि सर्वच कैद्यांस पुरेसें अन्न देणें, या दोन्ही गोष्टी वैद्यकाचाच भाग ठरतात.

'तुरुंगांतील रोग तुरुंगांतच राहील. आपणांस त्याचें काय?' असा प्रश्न कोणी विचारील. परंतु भिंत माणसास अडविते, हवेस नव्हे. शिपाई रोज घरीं जातो; स्वयंपाकी, शिक्षक, वकील, मुलाखतीस आलेली आई आणि तिच्या कडेवरचें मूल हीं सर्व आंत जाऊन बाहेर येतात. १९९१ त अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यांतील तुरुंगांत औषधांस न जुमानणारा क्षय फैलावला, तेव्हां मृत्यु पावलेल्यांत केवळ कैदीच नव्हते. रुग्णालयांत त्यांच्यावर पहारा करणारा एक पहारेकरीहि होता, आणि त्याची प्रतिकारशक्ति दुसऱ्या आजारानें आधींच क्षीण झालेली होती. शिवाय कैदी कायमचा आंत नसतो. बहुसंख्य कैदी कांहीं महिन्यांत किंवा वर्षांत आपल्या गल्लींत परततात. दक्षिण व मध्य अमेरिकेंतील सहा देशांविषयीं २०२४ त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, २०१९ त तेथील एकंदर क्षयापैकीं चतुर्थांशाहून अधिक क्षयाचें मूळ तुरुंगवासांत होतें. त्यांत कैदी होते, सुटलेले होते, आणि त्यांच्यापासून लागण झालेले शेजारीहि होते.

मग उपाय कोणते? ते गूढ नाहींत. पहिला उपाय म्हणजे दारांतच शोध. नवा कैदी आला कीं, त्याच दिवशीं त्यास खोकला, ताप, वजन घटणें व रात्रीं घाम येणें यांविषयीं विचारावें, छातीचें क्ष-किरण चित्र घ्यावें, आणि संशय येतांच थुंकीची जनुक-चाचणी करावी. पूर्वीं थुंकी दुर्बिणीखालीं पाहत, आणि त्यांत पुष्कळ रोगी निसटत. २०१० च्या अखेरीपासून जागतिक आरोग्य संघटनेनें शिफारस केलेल्या नव्या चाचणीनें सुमारें दोन तासांत रोग आहे कीं नाहीं आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो कीं नाहीं, हें दोन्ही कळतें. याच जातीचें, बॅटरीवर चालणारें 'ट्रूनॅट' नांवाचें यंत्र गोव्यांतील मोलबायो या कंपनीनें बनविलें असून २०२० त त्यास जागतिक मान्यता मिळाली. विजेचा भरंवसा नसलेल्या लहान कारागृहांस हें विशेष सोयीचें आहे. आणि ही तपासणी एकदां करून थांबावयाचें नाहीं; जो प्रवेशाच्या वेळीं निरोगी होता त्यास सहा महिन्यांनीं रोग झालेला असूं शकतो.

दुसरा उपाय म्हणजे रोग्यास कांहीं काळ वेगळें ठेवणें. योग्य औषध सुरूं झाल्यावर बहुधा थोड्याच आठवड्यांत रोग्यापासून इतरांस होणारा धोका अगदीं कमी होतो. म्हणून हें वेगळें ठेवणें अल्पकाळचें असावें, आणि तें शिक्षेच्या अंधारकोठडींत नव्हे तर उजेडाच्या, वारा खेळणाऱ्या खोलींत असावें. साधा क्षय आणि चिवट क्षय यांचे रोगी एकाच दालनांत ठेवणें ही तर मोठीच चूक होय. त्यानें बरा होणारा रोगी न बऱ्या होणाऱ्या जंतूचा धनी होतो.

तिसरा उपाय पूर्ण मुदतीच्या औषधाचा. साध्या क्षयावर चार औषधें दोन महिने व नंतर तीन औषधें चार महिने, असा भारतांत सहा महिन्यांचा क्रम आहे. औषधें सरकार विनामूल्य देतें. चिवट क्षयासहि पूर्वीं दीड-दोन वर्षें लागत. आतां नवीन औषधांनीं सहा महिन्यांचा क्रम शक्य झाला असून २०२४ त भारतानें त्यास मान्यता दिली. अडचण येते ती मध्येंच बदली, जामीन किंवा सुटका झाली म्हणजे. कैद्याच्या बदलीच्या कागदांत त्याच्या गुन्ह्याचें कलम असतें, पण औषधाची नोंद नसेल, तर सारें मुसळ केरांत. सुटणाऱ्या रोग्याच्या हातीं कांहीं दिवसांचीं औषधें, त्याच्या गांवच्या दवाखान्याचें नांव, आणि त्या दवाखान्याकडे आगाऊ गेलेली वर्दी, एवढें झालें तरी पुष्कळ झालें.

चौथा उपाय हवेचा, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. पेरू देशांतील लिमा येथील रुग्णालयांत केलेल्या एका पाहणीवरून २००७ त असें दिसलें कीं, उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या पद्धतीच्या दालनांत नुसत्या खिडक्या-दारें उघडलीं तर यंत्रानें हवा खेळविलेल्या नव्या दालनांपेक्षांहि हवा अधिक बदलते. जुन्या बांधकामाच्या कारागृहांस हा गुण पुष्कळदां जन्मतःच लाभलेला असतो. समोरासमोरच्या खिडक्या बुजविल्या नाहींत, आणि कैद्यांस दिवसाचे अधिक तास अंगणांत काढूं दिले, म्हणजे तो कामीं येतो.

पांचवा आणि मूळचा उपाय म्हणजे गर्दी कमी करणें. भारताच्या तुरुंगांत ३१ डिसेंबर २०२२ रोजीं ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि त्यांत ५,७३,२२० माणसें होतीं. म्हणजे शंभरांच्या जागेंत एकशें एकतीस. त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. म्हणजे सिद्ध अपराध्यांनाच तुरुंगांत ठेवलें असतें, तर निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहिली असती. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत ठरलेल्या संख्येहून कितीतरी अधिक, म्हणजे अनेकदां तीन हजारांहून अधिक, माणसें ठेवावीं लागलीं आहेत. बिहारांतील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९७९ त त्वरित न्याय हा मूलभूत हक्क ठरविला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणें, फांशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळतां, प्रथमच आरोप आलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आंत राहिला असेल तर, कांहीं अपवाद सोडून, तो सुटकेस पात्र होतो. हें कलम वकिलाच्या दृष्टीनें जामिनाचें आहे. वैद्याच्या दृष्टीनें तें क्षयनिवारणाचें आहे.

या सर्वांचें तत्त्व संयुक्त राष्ट्रांनीं १७ डिसेंबर २०१५ रोजीं संमत केलेल्या नियमांत आलेलें आहे. त्या नियमांना मंडेलांचेंच नांव दिलेलें आहे. बाहेरच्या समाजास मिळते त्याच दर्जाची वैद्यकीय सेवा बंदिवानास मिळावी, आणि क्षयासारख्या रोगांत ती सुटकेनंतरहि अखंड राहावी, असें त्यांतील चोविसावा नियम सांगतो. कैद्याचें स्वातंत्र्य न्यायालयानें काढून घेतलेलें असतें. त्याचा श्वास कोणीहि काढून घेतलेला नसतो.

शेवटीं घरोघरच्या श्रोत्यांच्या हातीं काय आहे, तेंहि पाहिलें पाहिजे. तुरुंगांतून परतलेला मनुष्य दोन डाग घेऊन येतो, एक अपराधाचा आणि दुसरा रोगाचा. त्यास काम मिळत नाहीं, खोली मिळत नाहीं; मग तो पत्ता लपवितो, दवाखाना टाळतो, औषध सोडतो, आणि जो रोग बरा होत आला होता तो चिवट होऊन शेजारांत पसरतो. नियमानें औषध घेणाऱ्या क्षयरोग्यापासून भिण्याचें कारण नाहीं. भ्यावयाचें तें अर्धवट टाकलेल्या औषधास. २०२३ त जगांत १ कोटी ८ लक्ष माणसांस क्षय झाला आणि त्यांतील सुमारें चतुर्थांश भारतांतील होतीं. एवढ्या मोठ्या संख्येंत प्रत्येक वस्तींत एखादा तरी रोगी असणारच. आणि त्यांतील एखाद्यास हा रोग तुरुंगांत लागलेला असेल. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या कोणासहि, मग तो घरचा असो, मोलकरणीचा मुलगा असो वा तुरुंगांतून नुकताच आलेला शेजारी असो, सरकारी दवाखान्याची वाट दाखवावी, आणि सहा महिने तो ती वाट सोडीत नाहीं इकडे लक्ष ठेवावें. न्यायालयानें न दिलेली शिक्षा समाजानें पुढें चालवूं नये.